तळघर पार्किंग : गळतीचे काम, येत्या शनिवारी-रविवारी

सर्व सभासदांस,

शनिवारी सकाळी ८ पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत तळघराच्या पूर्व भिंतीला पीयू इंजेक्शन (पॉलियुरेथेन रेझिन दाबाने आत भरणे) होईल. पाणी येते ते भिंत आणि राफ्टच्या (खालच्या काँक्रीटच्या पायाच्या) सांध्यातून. आतून नुसते प्लास्टर मारले तर मागच्या पाण्याच्या दाबाने ते फुगून सुटते. म्हणून तिरकी भोके पाडून, पॅकर (रेझिन आत सोडायच्या नळ्या) बसवून सांध्यातच रेझिन भरायचे आहे. पाणी लागताच रेझिन फुगून पाण्याची वाट बंद करते.

• भिंतीलगतच्या गाड्या शुक्रवारी रात्री १० पूर्वी हलवा. रेझिनचा डाग गाडीच्या रंगावरून निघत नाही.
• संपच्या (पाणी साठण्याच्या खड्ड्याच्या) पंपाचा स्विच कोणीही बंद करू नये.
• यापुढे या भिंतीत ड्रिल, खिळा, क्लॅम्प अजिबात नको.

– सचिव, व्यवस्थापक समिती