ती रॅली नव्हती, रेस होती

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या सायकल रेसची बातमी सोमवारी पान तीनवर वाचली. कालचा दिवस जाऊ दिला, म्हटलं राग शांत होईल, नाही झाला म्हणून लिहायला बसले. हेडिंग काय तर "सायकल रॅलीला उत्स्फूर्त प्रतिसाद". फोटो झेंडा दाखवणाऱ्या पाहुण्यांचा, आणि खाली स्टेजवर कोण कोण होतं त्यांची अकरा नावं, मी मोजली. पहिलं कोण आलं, किती वेळात आलं, दुसऱ्यात न् तिसऱ्यात किती सेकंदांचा फरक होता, यातलं एक अक्षर नाही.

साहेब, ती रॅली नव्हती हो. रॅलीत लोक टी-शर्ट घालून गप्पा मारत जातात, मध्ये थांबून फोटो काढतात, शेवटी पोहे खातात, छान असतं, मी पण गेलेय. रेसमध्ये पाठीवर नंबर असतो, टायमिंग घेतात, आणि त्यासाठी पोरं नोव्हेंबरपासून पहाटे पाचला घराबाहेर पडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन चाळीसच्या घरात जातं, पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे पुढचं दिसत नाही, त्यामुळे रेसिंगचा सीझन म्हणजे हे थंडीचेच तीन-चार महिने. युरोपात बर्फामुळे थंडीत रेसिंगवाले बरेच जण घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, सायकल मारतात, आपलं बरोबर उलटं आहे. तुमचे वार्ताहर निफाडचा पारा घसरला की न चुकता बातमी देतात, त्याच गारठ्यात दिंडोरी रोडला पोरं प्रॅक्टिस करत असतात, शेजारी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या असतात न् तो धूर रस्त्यावर आलेला असतो, ते कुणी येऊन बघत नाही.

आणि प्रॅक्टिस म्हणजे नुसतं जोरात पळवणं नाही. मला पण आधी तसंच वाटायचं. आठवड्यातले बरेचसे दिवस बोलता येईल इतक्याच स्पीडने लांब जायचं, दम लागला तर कोच ओरडतात, आणि एकच दिवस चढावर जीव तोडून मारायचं. ग्रुपमध्ये पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हातावर राहायला शिकवतात, त्यानं वारा अडतो न् मागच्याची बरीच ताकद वाचते, पण पुढच्यानं खड्डा दिसताच हात दाखवला नाही तर मागचे चार जण पडतात. आमच्या घरात हे आता जेवताना बोलणं चालतं.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचं नाव छापा असं माझं अजिबात म्हणणं नाही, ती शेवटची आली. पण ती कशी शेवटची आली ते मी सांगणार. मुलींची रेस अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन परत अशी होती आणि मी व्हॉलंटियर म्हणून महिरावणीजवळ लाल झेंडा घेऊन उभी होते. मोबाइलवर ९ अंश दाखवत होतं. जाताना माझी मुलगी चौथी होती. येताना पहिल्या तिघी गेल्या, ही येईना, मग लांबून सायकल हातात धरून चालत येताना दिसली, मागचं चाक बसलेलं. माझ्यासमोरच रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली. क्लबचा नियम असा की बाहेरच्यानं हात लावला तर स्पर्धक बाद, त्यामुळे मी दहा फुटांवर झेंडा धरून उभी. बोटं इतकी गारठलेली की टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायची पट्टी, दोनदा हातातून निसटला. नवीन ट्यूब लगेच नाही टाकली तिनं. आधी टायरच्या आतून बोट फिरवत राहिली, मला वाटलं का वेळ घालवतेय ही, तर बाभळीचा काटा अजून आतच रुतलेला होता, तो नखानं न् मग दातानं ओढून काढला. काढला नसता तर नवी ट्यूबही गेली असती. छोट्या पंपानं हवा भरताना हात थरथरत होते, तोवर मागच्या सगळ्या पोरी निघून गेल्या. माझ्याकडे बघितलंही नाही तिनं. बसली न् गेली. फिनिशला पोचली तेव्हा स्टेजवर सत्कार चालू झाले होते आणि टायमिंगवाले दादा तेवढे तिच्यासाठी घड्याळ घेऊन थांबले होते, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जी पोरगी पहिली आली ती दिंडोरीकडच्या खेड्यातली, तिची सायकल पण क्लबमधल्या एका मेंबरची, मागून आणलेली. कोच सगळ्यांना सांगतात की कात्रणं फाइलला लावून ठेवा, स्पॉन्सरकडे जाताना दाखवता येतात. तिनं कुठलं कात्रण लावायचं, पाहुण्यांचं? याच नाशिकच्या दोन डॉक्टर भावांनी, महाजन बंधूंनी, २०१५ साली अमेरिकेतली जवळपास ४८०० किलोमीटरची रेस नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, सावरपाड्याच्या कविता राऊत पळत पळत ऑलिंपिकपर्यंत गेल्या. त्यांचं आपण सगळे अभिमानानं सांगतो. पण सुरुवातीला कुणीतरी कुठल्यातरी गावच्या रेसचा निकाल लिहून ठेवावाच लागतो ना.

अजून एक, पत्र लिहितेच आहे तर. कुंभमेळ्याच्या कामांमुळे रस्त्याच्या कडेला, तेही नेमकं वळणावर, बारीक खडी पसरलेली आहे आणि नव्या गतिरोधकांना पांढरे पट्टे नाहीत. मुलांच्या रेसमध्ये एक जण त्या खडीवरून घसरला, कोपर सोलून निघालं. पहाटे अंधारात दूधवाले, पेपरवाले पण त्याच रस्त्यानं जातात, तुमचाच पेपर टाकणारी पोरं. २०२७ पर्यंत कामं चालणार असतील तर तोवर निदान खडी झाडून घ्यायला आणि पट्टे मारायला काय हरकत आहे? याची बातमी करा.

क्लबकडून सगळ्या गटांच्या निकालाचा कागद मागून आणलाय, नावं, वेळ, सगळं टाइप केलेलं आहे. सोबत जोडलाय. पान तीनवर जागा नसेल तर कुठल्याही पानावर छापा.

आपली,
एका सायकलपटूची आई
सिडको, नाशिक