तळपायाला घामोळ्या येत नाहीत

महोदय,

नवतपा जवळ आला की गर्भवतींनी उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी याचे मजकूर वर्तमानपत्रांत येऊ लागतात. ताक प्या, दुपारी बाहेर पडू नका, सुती कपडे घाला. सगळं बरोबर. पण त्यात एक गोष्ट माझ्या तरी वाचनात आली नाही. ती मला गेल्या मे महिन्यात कळली, आणि तीही उशिरा.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे मानेवाड्याला आली होती. चौतिसावा आठवडा चालू होता. रात्री दोनला मोरीत पाण्याचा आवाज आला म्हणून उठले, तर ही स्टुलावर बसून दोन्ही पाय बादलीत बुडवून बसलेली. "आई, तळवे सोलून काढावेसे वाटतात गं." मी घामोळ्यांची पावडर लावली. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला घातला, कूलरची खस बदलली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं, पोटाची कातडी ताणते, खाजतेच."

पोट खाजतही असेल, पण हिचे तळहात-तळपाय खाजत होते, आणि तिथे घामोळ्या येत नाहीत. ३२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही हे माझ्या डोक्यात आलं नाही! अंगावर पुरळ एक नव्हता, होते ते तिने स्वतःच काढलेले ओरखडे.

पाच रात्री अशाच गेल्या. नेहमीच्या दवाखान्यात तोबा गर्दी, तिथून खाजेची गोळी घेऊन परत आलो. जावईबापूंना राहवलं नाही, ते तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी विचारलं, "रात्री जास्त खाजतं का?" आणि लगेच लिव्हर फंक्शन आणि बाइल ॲसिडची तपासणी लिहून दिली. निदान झालं कोलेस्टॅसिस. गरोदरपणात, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत, यकृतातून पित्त नीट वाहत नाही आणि पित्तातली आम्लं, म्हणजेच बाइल ॲसिड, रक्तात साठतात. (पित्त हा शब्द ऐकून आमच्या ह्यांनी आमसुलं भिजत घातली. हे ते पित्त नव्हे.) आईला त्रास खाजेचा, पण घोर असतो तो बाळाचा. बाइल ॲसिड लिटरमागे १०० मायक्रोमोलपर्यंत किंवा त्यावर गेलं, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो, आणि सोनोग्राफी चांगली आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. हिचा आकडा ६२ आला.

मग अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या, दर आठवड्याला रक्त तपासणी. बाळाची हालचाल ती वहीत रेघा मारून मोजायची. दुपारी दोन तास रेघ पडली नाही, तेव्हा ४५ अंशांच्या उन्हात ऑटो करून धावलो होतो. सुदैवाने बाळ झोपलं होतं. सदतीस आठवडे भरल्यावर कळा आणून प्रसूती केली. नात २ किलो ६०० ग्रॅमची. आठवडाभरात खाज थांबली. पुढच्या खेपेला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब मोजता मोजता "तळहात-तळपाय खाजतात का?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? आशाताईंनीही घरी आल्यावर विचारावं. उन्हाळ्यात तर नक्कीच, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात कुणीही खाजवलं की दोष उन्हाला जातो.

आपल्या उन्हाळी सदरात ताकाच्या शेजारी एक ओळ हीही छापावी: सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपाय खाजत असतील, पुरळ नसेल आणि रात्री त्रास वाढत असेल, तर पावडर लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

– एक निवृत्त शिक्षिका, मानेवाडा, नागपूर