‘आईला सांगू नकोस’ हे वाक्य थांबायला हवं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : परदेशात एकट्या फिरणाऱ्या मुली आणि घरच्यांचं कर्तव्य

आपल्या रविवारच्या पुरवणीत आशियातल्या देशांत एकट्या फिरणाऱ्या मुलींवर लेख आला आणि पुढच्या आठवड्यात त्यावर वाचकांची पत्रंही आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : दिवस वाईट आहेत, एवढी हौस असेल तर घरातल्या कुणाला तरी सोबत न्यावं. लिहिणाऱ्यांची काळजी खरी आहे, यात शंका नाही. पण काळजी अशा शब्दांत बोलून दाखवली की मुलगी घरी राहत नाही. ती जाते, आणि काही झालं तर सांगत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे.

एकटीने प्रवास कसा करावा हे मुंबईच्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. रात्री उशिराच्या कर्जत गाडीत कुठल्या लेडीज डब्यात पोलीस असतो, फलाटावर कुठे उभं राहायचं, कुठल्या पुलावरून उतरायचं नाही, हे तिला बघून बघून कळतं. पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. टोकियोत मात्र केइओ या रेल्वेमार्गावर रात्रीच्या गाड्यांना महिलांचा डबा लावून पाहिला तो २००० सालच्या डिसेंबरात. पण याच मुंबईत आणखी एक रीत मुरली आहे. गर्दीत कुणी अंगाला हात लावला, कुणी स्टेशनपासून मागे आला, तर ते डब्यातल्या मैत्रिणींना सांगायचं, घरी सांगायचं नाही. घरी सांगितलं की क्लास बंद, नोकरी सोड, नाहीतर रोज भाऊ न्यायला येणार. माझ्या गाडीच्या ग्रुपमधल्या बायकांनी मला जे सांगितलं, त्यातलं निम्मंही त्यांच्या घरी माहीत नसेल.

तीच रीत आता विमानात बसून परदेशी जाते आहे. माझी भाची श्रीलंकेत एकटी फिरत होती. कॅन्डीला जाणाऱ्या गच्च भरलेल्या बसमध्ये एक माणूस तिला सारखा खेटत राहिला. तिने मोठ्याने ओरडून कंडक्टरला बोलावलं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जागा मिळवली, गाव आल्यावर उतरली आणि मला फोन केला. वागली ती अगदी बरोबर. पण फोनवर तिचं पहिलं वाक्य होतं, ‘मावशी, आईला सांगू नकोस.’ त्या माणसापेक्षा मला त्या वाक्याने जास्त अस्वस्थ केलं. उद्या याहून मोठं काही झालं आणि मी फोन उचलला नाही, तर ती कुणाला फोन करणार?

आशिया म्हणजे काही एकच गाव नाही, त्यामुळे सगळीकडे एकच सल्ला चालत नाही. जपानमध्ये कॉफीच्या दुकानात टेबलावर विसरलेली पर्स बहुधा परत मिळते, रात्री अकराला मुली एकट्या घरी जातात. तरीही तिथे गर्दीच्या गाडीत अंगचटीला येणारे इतके आहेत की महिलांचे डबे ठेवावे लागले. ते डबे पुष्कळ मार्गांवर फक्त गर्दीच्या वेळेपुरते महिलांचे असतात, म्हणून फलाटावरची वेळेची पाटी आधी वाचावी. तिथल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तोही चोरून फोटो काढणाऱ्यांमुळेच. दक्षिण कोरियात चोरट्या कॅमेऱ्यांविरुद्ध २०१८ मध्ये हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. तिथे जाणाऱ्या मुलीने स्वच्छतागृहात आणि स्वस्त खोलीत भिंतीवरची भोकं, घड्याळ, स्मोक डिटेक्टर यांकडे एकदा नीट पाहावं. क्वालालंपूर आणि जकार्ताच्या लोकल गाड्यांनाही महिलांचे डबे आहेत. आपल्या मुलींना तिथे घरच्यासारखं वाटतं, असं भाची सांगते.

लाओसची गोष्ट वेगळी आणि फार वाईट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग विएंग या पर्यटनाच्या गावात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक दगावले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. मिथेनॉलला वेगळी चव किंवा वास येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, ते आधी डोळ्यांवर आणि मग जिवावर बेततं, आणि त्रास सुरू व्हायला कित्येक तास लागतात, तोवर माणूस हँगओव्हर समजून झोपून राहतो. दिसायला धूसर झालं की लगेच हॉस्पिटल गाठायला हवं. मुलगी दारू पिते का, हा वाद घरी आल्यावर घाला. पण ‘फुकट मिळालेला किंवा डोळ्यांसमोर न उघडलेला पेला घेऊ नकोस’ हे तिला सांगायचं तर आधी तो विषय घरात काढता आला पाहिजे. तो ज्या घरात काढताच येत नाही, त्या घरातल्या मुलीला हे कोण सांगणार?

नेपाळने एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना बहुतेक मार्गांवर परवानाधारक गाइड सक्तीचा केला. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नसली तरी नियम चांगलाच आहे. गाइडच्या पैशात काटकसर करू नये.

पैशाचं निघालंच आहे तर लिहिते. मुंबईहून बँकॉकला, कोलंबोला जाणारी स्वस्त विमानं पुष्कळदा अडनिड्या वेळी उतरतात. पहाटे तीनला अनोळखी शहरात, फोनला नेट नाही, हातात तिथलं चलन नाही आणि बाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा. ही वेळच टाळावी. दिवसा उतरणारं विमान थोडं महाग असलं तरी घ्यावं. ते शक्य नसेल तर उजाडेपर्यंत विमानतळावरच थांबावं, आणि पहिल्या रात्रीची खोली वर्दळीच्या रस्त्यावर, चोवीस तास रिसेप्शन असलेल्या जागी घ्यावी. बाकीचे दिवस काटकसर करा, पण पहिल्या रात्री नको. ग्रॅबसारख्या ॲपवरून गाडी बोलावली तरी नंबरप्लेट जुळल्याशिवाय बसू नये. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला गेला तर सरळ दुसरी खोली मागावी. हे खर्च मुलीने गुपचूप कुठून भागवायचे? लग्नाच्या हॉलला लाखो रुपये मोजणाऱ्या आपल्या घरांतून चार-पाच हजार रुपये ‘तू दिवसाचंच विमान घे’ म्हणून द्यायला काय हरकत आहे?

पुष्कळ मुली हौसेसाठी जात नाहीत, ऑफिस पाठवतं म्हणून जातात, हेही आपल्या वाचकांच्या लक्षात राहिलेलं दिसत नाही. सिंगापूरला मीटिंग, हनोईला कारखान्याची पाहणी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाची जागा’ म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि कंपनीने दिलेलं वाहनही त्यात येतं. म्हणजे परदेशी हॉटेलच्या लॉबीत सहकारी नको तसं वागला, तर परत आल्यावर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी गप्प बसतात.

आता घरच्यांनी काय करायचं ते. मुलीच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि प्रवास विम्याची प्रत घरातल्या एका माणसाकडे असावी, आणि तो माणूस मुलीने निवडलेला असावा, मग ती आई असो, मावशी असो की आत्या. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर दोघींकडेही कागदावर लिहिलेला हवा, कारण फोन हरवला की फोनमधले नंबरही गेले. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५ वर मिळतात, नेपाळमध्ये ११४४ वर, श्रीलंकेत पोलिसांचा नंबर ११९ आहे आणि जपानमध्ये ११०. पासपोर्ट गेला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची, मग दूतावासात जायचं. भारतात परतण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र तिथे मिळू शकतं. दूतावासाकडून दाद मिळत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, त्यावर घरचा माणूसही तक्रार टाकू शकतो. मुलगी दमलेली, घाबरलेली असते तेव्हा ही धावपळ मुंबईत बसलेल्या माणसाने करायची असते.

आणि फोन आला की काय बोलायचं तेही आधी ठरवून ठेवा. ‘तू आत्ता कुठे आहेस? दार लावलंयस का? आजूबाजूला कुणी बाई आहे का? पैसे आहेत का?’ एवढंच. काय घातलं होतंस, एवढ्या रात्री बाहेर कशाला पडलीस, आम्ही आधीच सांगितलं होतं, यांतलं एकही वाक्य त्या वेळी तिच्या उपयोगाचं नसतं, आणि पुढच्या वेळी तिचा फोनच येत नाही. भाचीचं बसमधलं प्रकरण नंतर मी माझ्या बहिणीला सांगितलं, भाचीला विचारूनच. बहीण पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग तिने मुलीला फोन करून विचारलं, ‘पुढची बस कितीची आहे? बसलीस की कळव.’ त्यानंतर मुलीचे फोन आईलाच जातात, मला नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी मुंबईतून पुष्कळ मुली बाहेर पडतात. त्याआधी पुरवणीत एक पान द्यावं. त्यात आपले लोक जास्त जातात त्या देशांतल्या भारतीय दूतावासांचे आपत्कालीन नंबर तपासून छापावेत. आणि एकट्या फिरून आलेल्या बायकांकडून अनुभव मागवावेत, वाईट अनुभवही, हवं तर नाव न छापता. पुष्कळ जणी लिहितील, याची मला खात्री आहे. त्या पानावर थोडी जागा आयांसाठीही ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई