एका ओळीच्या राजीनाम्याची किंमत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मागणी घटली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एखादी पाळी बंद होते आणि त्यानंतर काही जणांना एकेक करून ऑफिसात बोलावले जाते. अशाच एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी अनेक वर्षे पगारपत्रके तयार केली. आत बोलावलेल्या माणसापुढे दोन कागद ठेवले जात. एक धनादेश आणि दुसरा टाइप केलेला राजीनामा, ज्यात ‘घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे’ एवढी एकच ओळ असे. असे मसुदे मी स्वतःही टाइप केले आहेत, ते लपवण्यात आता अर्थ नाही. एरवी महिन्याचा पगार पंचवीस तारखेपर्यंत पुरवणाऱ्या माणसाला धनादेशावरचा आकडा मोठा वाटतो आणि तो दुसऱ्या कागदावर सही करून मोकळा होतो. त्या सहीने त्याचे किती नुकसान होते, हे आकड्यांत मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

समजा, साचे भरणाऱ्या एका मोल्डरचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १८,२०० रुपये होतात आणि त्याची नोकरी १४ वर्षे ८ महिने झाली आहे. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे हिशेब १५ वर्षांचा करायचा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी असते; त्यासाठी मासिक वेतनाला कामाच्या २६ दिवसांनी भागून १५ ने गुणतात, म्हणजे वर्षाला १०,५०० आणि एकूण १,५७,५०० रुपये. कामगार कपातीची भरपाईसुद्धा दर वर्षामागे पंधरा दिवसांचीच असते. परंतु मासिक पगाराच्या कामगाराच्या बाबतीत तेथे २६ चा भागाकार चालत नाही, निम्मा महिना धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे तीच व्यक्ती, तोच पगार आणि तेच ‘पंधरा दिवस’ असूनही येथे वर्षाला ९,१०० आणि एकूण १,३६,५०० रुपये होतात. (या दोन पंधरवड्यांतला फरक आमच्या ऑफिसात मला धरून दोघांनाच ठाऊक होता.) महिनाभर आधी नोटीस दिली नसेल तर एका महिन्याचे वेतन १८,२०० रुपये. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून असलेल्या निधीतून, आणखी पंधरा दिवसांचे वेतन कामगाराच्या खात्यात जमा व्हावे लागते, तेही साधारण ९,१०० रुपये धरू. एकूण बेरीज ३,२१,३०० रुपये होते. शिल्लक रजेचा पगार आणि फंड (भविष्य निर्वाह निधी) यांचा हिशेब वेगळा.

राजीनामा दिलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी शाबूत राहते, कारण पाच वर्षांच्या नोकरीनंतर ती राजीनाम्यावरही मिळते. कपातीची भरपाई, नोटिशीचा पगार आणि पुनर्कौशल्य निधी मात्र कामावरून कमी केले तरच मिळतात. म्हणजे वरच्या उदाहरणात त्या एका ओळीची किंमत १,६३,८०० रुपये आहे, एकूण रकमेच्या निम्म्याहून किंचित जास्त. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत पात्र बेरोजगाराला सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, पण स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला ती मिळत नाही. या योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जात असल्याने अर्ज करण्यापूर्वी ईएसआयच्या शाखेत चौकशी करावी.

पगाराच्या चिठ्ठीबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. अनेक ठिकाणी मूळ वेतन मुद्दाम तुटपुंजे दाखवून बाकीची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत विभागलेली असते. नव्या कामगार संहितांनुसार असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो, त्यामुळे जुन्या सवयीने काढलेला आकडा कमी भरण्याची शक्यता आहे. देखरेखीचे काम करणाऱ्या आणि १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणाऱ्यांना संहिता ‘कामगार’ मानत नाही. मात्र चिठ्ठीवर ‘सुपरवायझर’ लिहिले म्हणून काम देखरेखीचे ठरत नाही. दिवसभर साचे भरणाऱ्याने आपला हक्क सोडू नये. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते, याची माहिती ठेकेदार स्वतःहून देणार नाही.

आता हातात येणाऱ्या पैशांविषयी. घरखर्च महिन्याला २२,००० रुपये असेल तर वरची रक्कम कागदावर साडेचौदा महिने पुरते. परंतु ग्रॅच्युइटी देण्यासाठी मालकाला तीस दिवसांची आणि पुनर्कौशल्य निधीसाठी पंचेचाळीस दिवसांची मुदत असते, म्हणून पहिला दीड महिना हातातल्या पैशांवरच काढायचा आहे, हे गृहीत धरावे. त्या काळात नातेवाइकांना उसने देणे आणि मोटारसायकल बदलणे हे दोन्ही मोह टाळावेत. खासगी फायनान्सचे कर्ज आधी फेडावे. घराचा हप्ता स्वस्त व्याजाचा असल्याने तो ठरल्याप्रमाणे चालू ठेवला तरी चालेल. जूनमधली शाळेची फी पहिल्याच दिवशी बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेच्या तीन, सहा, नऊ महिन्यांच्या ठेवी कराव्यात, म्हणजे गरजेला सगळी ठेव मोडावी लागत नाही. येथे एक इशारा आवश्यक वाटतो. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि त्या एखादा टक्का व्याज जास्त देतात. पण बँकेतील, अगदी सहकारी बँकेतील ठेवींनाही पाच लाख रुपयांपर्यंत जे ठेव विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नाही. नोकरी गेलेल्या माणसाने एका टक्क्यासाठी ही जोखीम पत्करावी, असे मला वाटत नाही. फंडाची रक्कमही शक्यतो तशीच राहू द्यावी. पाच वर्षांच्या आत ती काढल्यास कर लागू शकतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे पूर्ण होत आली असतील तर पेन्शनचे पैसे काढून घेणे म्हणजे ती वर्षे वाया घालवणे होय.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या दैनिकात एक कोरा तक्ता छापावा, ज्यात रुजू झाल्याची तारीख, शेवटच्या तीन महिन्यांचे वेतन, ग्रॅच्युइटी, भरपाई, नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजा एवढेच रकाने असतील. ऑफिसात बोलावणे येण्याच्या आदल्या रात्री तो भरलेला असेल, तर समोर आलेल्या धनादेशावरचा आकडा निदान ताडून पाहता येईल. आकडा जुळला नाही तर सही न करता तो कागद घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पगारपत्रक लिपिक,
कोल्हापूर