अनारसे हसले, ते राहू दे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोन तुम्ही स्पीकरवर टाकता, बाबा जोरजोरात बोलतात आणि आई, तू दोन मिनिटांत 'हं, बोल ह्यांच्याशी' म्हणून उठतेस. यावेळी मध्येच कुणी उठून जायला नको, म्हणून हा कागद.

आधी बाबा. दिवाळीत तुम्ही तीन दिवस एकच धोशा लावला होता, 'डोकं गेलं माझं, माझ्या आईसारखं होणार बघ.' कशावरून, तर मिरज स्टेशनवर तुमच्या शेजारच्या खिडकीत बुकिंगला बसणाऱ्या माणसाचं नाव आठवेना. आजीच्या शेवटच्या वर्षांना सगळे म्हातारचळ म्हणून मोकळे झाले. तो शब्द तुमच्या मनात घर करून बसलाय, हे मला कळतं. पण त्याच रात्री आमटी-भात कालवता कालवता तुम्ही ते नाव असं ओरडलात की मांजर पळालं.

तुमच्याच रजिस्टरच्या भाषेत सांगते. नोंद झालेली आहे, पान सापडायला वेळ लागतो, एवढंच. वयानुसार हे सगळ्यांचंच होतं आणि सगळ्यात आधी दगा देतात ती माणसांची नावं. कुणी पहिलं अक्षर सांगितलं की पान उघडतं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा सुरुवातीला बिघडते ती नोंदच. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या गोष्टी टिपून ठेवतो, तोच लवकर झिजायला लागतो. मग पहिलं अक्षर सांगा नाहीतर अख्खा प्रसंग सांगा, त्या माणसाच्या लेखी तो घडलेलाच नसतो. म्हणून तुम्ही मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी करत पुण्यापर्यंतची स्टेशनं धडाधड म्हणून दाखवलीत, त्याने माझं काही समाधान झालं नाही. जुनं पाठांतर त्या आजारातही बराच काळ टिकतं. समाधान झालं ते वेगळ्याच गोष्टीने. आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी बीपीची गोळी सकाळची रात्री केली, हे तुम्ही न अडखळता सांगितलंत, आणि डबीत ती रात्रीच्याच खणात होती. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं, हे काखेत कळसा प्रकरण तर मी पाचवीत असल्यापासून बघतेय.

आई, आता तू. हे बाबांशी वेगळं फोनवर बोलता आलं असतं. पण तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल बोलायला मला आवडणार नाही, आणि तुलाही चालणार नाही.

अनारसे हसले, ते राहू दे. अनारसे भल्याभल्यांचे हसतात, गूळ थोडा जास्त झाला की तुपात विरघळून संपलंच. दूध उतू जाणं, भाजीत मीठ दोनदा पडणं हा जर रोग असता तर आपल्या गल्लीत शहाणं कुणी उरलं नसतं. मला दिसलं ते वेगळं. खसखशीवर थापलेला अनारसा हातात घेऊन तू कढईशी थांबलीस. तूप तापलेलं. 'खसखस वर ना गं?' तू विचारलंस. मी हो म्हटलं. दुसऱ्याला परत तेच विचारलंस. तिसऱ्याला काही विचारलं नाहीस, नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलंस. खसखस वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, हे मला बारावीच्या सुट्टीत कुणी शिकवलं होतं?

मग भिशीची वही. ती तू शेजारच्या काकूंकडे का दिलीस ते तू डोळ्यांवर ढकललंस. मी वही चाळली. श्रावणात एकाच बाईचे हजार रुपये दोनदा जमा आहेत, दोन्हीकडे तुझंच अक्षर. बारा बायकांचा हिशोब तू कधी कागदावरसुद्धा मांडायची नाहीस. एखादी चूक कुणाचीही होते. पण वर्षानुवर्षं हातखंडा असलेलं काम अवघड जायला लागणं आणि मग ते काहीतरी कारण सांगून सोडून देणं, हे नाव विसरण्यासारखं नाही. त्याची दखल घ्यायला हवी.

आणि बाबा, एक विचारू? आईला काही विचारलं की हल्ली उत्तर तुम्ही देता. भाजी काय केली, मावशीकडे कधी गेला होतात, सगळं तुम्हीच. स्वतःच्या विसरण्याचा एवढा बोभाटा करता, तो सगळं लक्ष तुमच्याकडे राहावं म्हणून तर नाही ना? चुकत असेन तर माफ करा.

हे लिहिलं म्हणजे आईला डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारी मी कोण! आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत शंभरात साधारण सात-साडेसात जणांना तो असतो, म्हणजे बाकीच्यांना नसतो. आणि विसरायला लावणाऱ्या, पण उपाय असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. आई, तू शाकाहारी, शिवाय साखरेसाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन घेतेस. ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि बी-१२ उतरलं की डोकं चालेनासं होतं. थायरॉईडनेही होतं. ती सर्दीची, झोप आणणारी गोळी तू रोज रात्री घेतेस, तसल्या काही गोळ्या म्हातारपणी स्मरणशक्तीला बाधतात. ऐकू कमी येत असेल तर कानावर पडलेलंच नसतं, मग लक्षात काय राहणार? फोनवरून तू उठतेस ते त्यामुळेही असेल. आणि धाकटी मावशी श्रावणात गेल्यापासून तू धड झोपलेली नाहीस. खोल दुःखही असंच दिसतं. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतील. शब्द काहीही असो, त्यावर इलाज आहे.

यातलं काही नसेल, आणि तो आजारच निघाला, तर तो पूर्ण बरा होत नाही हेही मी लपवत नाही. पण तेव्हाही गोळ्यांची, पैशांची, घराची व्यवस्था तुझ्या शब्दाने व्हावी, आमच्या अंदाजाने नव्हे, यासाठी लवकर कळलेलं बरं. आजीला कुणी विचारलंच नाही. आपण तिला दारात बसवून ठेवलं.

मी शनिवारी सकाळी मिरजेला उतरते. सोमवारी अकराची वेळ घेतली आहे, दोघांचीही. हो, बाबा, तुमचीही, एवढा धोशा लावलात तर होऊन जाऊ दे. रक्ताच्या तपासण्या होतील, कान बघतील. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतील, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतील. आधी सराव करून ठेवू नका, बाबा, मी तुम्हाला ओळखून आहे. आणि आईला उत्तरं सुचवायची नाहीत. तिथे तुम्ही बाहेर बसायचं.

आई, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून ठेव, फ्रिजवरच्या, देवघरातल्या, मुदत संपलेल्यासुद्धा. अनारशाचं पीठ उरलं असेल तर टाकू नकोस. रविवारी परत करू. यावेळी कढईशी मी उभी राहते, तू थापून दे.

तुमची,
मनू