‘स्वतःची कामं स्वतः करता यायला हवीत’, आणि नाही आली तर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत हल्ली सीनियर लिव्हिंगच्या, म्हणजे खास ज्येष्ठांसाठी बांधलेल्या घरांच्या, जाहिराती भरभरून येतात, मागे डोंगर, पुढे हिरवळ आणि योगा करणारे हसरे आजी-आजोबा. सध्या आम्ही अशाच जागा बघत फिरतोय म्हणून लिहितेय. सासूबाईंना अल्झायमर आहे, सुरुवातीचा टप्पा सरून मधल्याकडे चाललाय. आंघोळ स्वतः करतात पण गिझर तसाच राहतो, गोळी घेतली का विचारलं तर ‘हो’ म्हणतात आणि ती उशीखाली सापडते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या पेशंटमध्ये नेऊन ठेवावं अशी अवस्था नाही आणि दिवसभर घरात एकट्या ठेवाव्यात इतक्या बऱ्याही नाहीत. हा जो मधला काळ आहे ना, तो दोन वर्षांचा असेल नाहीतर सहा, डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

आता गंमत अशी की ब्रोशरवर ‘मेमरी केअर’, म्हणजे विसरभोळेपणाच्या आजारातल्या माणसांची देखभाल, असं लिहिलेलं असतं आणि करारात बारीक अक्षरात, रहिवासी स्वतःची दैनंदिन कामं स्वतः करण्यास सक्षम असावा, नसल्यास व्यवस्थापन पर्यायी सोय करण्यास सांगू शकते. पर्यायी सोय म्हणजे न्या तुमच्या माणसाला! या आजारात माणूस आज ना उद्या त्या ओळीच्या पलीकडे जाणारच आहे, मग भरभक्कम डिपॉझिट घेऊन दिलेली खोली ही नक्की कोणासाठी? आणि घर बदललं की अशी माणसं जास्तच गोंधळतात, संडास कुठे इथपासून परत सुरुवात. त्यामुळे पुढच्या टप्प्याची सोय त्याच आवारात आहे का हे मी सगळ्यात आधी विचारते, जिम नंतर बघू. (आमचे दीर अमेरिकेतून फक्त जिमवाल्याच जागांच्या लिंक पाठवतात, ते असो.)

ओळखीतल्या एका काकांचं ऐका. अशाच एका ठिकाणी बरे रमले होते, एका आठवड्यात अचानक आरडाओरडा, हात उगारणं, रात्रभर जागरण. व्यवस्थापनाने सरळ नोटीस दिली, महिनाभरात न्या. मुलीने डॉक्टरांना दाखवलं तर निघालं लघवीचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक दिल्यावर काका पुन्हा पहिल्यासारखे. म्हाताऱ्या माणसाचं वागणं एकदम बदललं तर आधी लघवी तपासायची, पोट साफ होतंय का, कुठे दुखतंय का बघायचं, हे जिथल्या स्टाफला माहीत नाही तिथे मेमरी केअर कसली.

उलट दुसऱ्या एका साध्याच, जुनाट फरशीच्या ठिकाणी चार दिवस ट्रायलला ठेवलं होतं. पांढऱ्या प्लेटमधला दहीभात सासूबाई नुसत्या बघत बसल्या, तिथल्या मावशींनी काही न बोलता तोच भात स्टीलच्या ताटलीत काढला, त्यावर लिंबाचं लोणचं ठेवलं, बाई जेवल्या. पांढऱ्यावर पांढरं त्यांना दिसतच नव्हतं, आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून सांगते, जागा सकाळी अकराला बघू नका, तेव्हा सगळीकडे सगळं छानच असतं. संध्याकाळी सहाला जा, जेव्हा ही मंडळी ‘घरी जायचंय’ म्हणून पिशवी भरायला लागतात, तेव्हा त्यांना कोण काय उत्तर देतंय ते ऐका, आणि रात्री मजल्यावर किती माणसं असतात ते विचारा.

महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले, लिफ्टमध्ये व्हीलचेअर गेली पाहिजे, दारं रुंद हवीत, बाथरूममध्ये आधाराला दांडे हवेत, चांगलंच आहे. पण ते इमारतीबद्दल झालं, आत सांभाळणारं माणूस शिकलेलं आहे का ते कोण बघणार? केअर होमच्या नोंदणीची तरतूद असलेलं, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या कायद्यातलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पुढे ते मंजूरच झालं नाही. आणि हा आजार काही चार घरांपुरता नाही हो, देशात साठीच्या पुढच्यांपैकी 7.4 टक्के लोकांना, म्हणजे साधारण 88 लाख जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) आहे असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालाय. पासष्टीला हौसेने फ्लॅट घेणारे लोक ऐंशीचे होणारच ना.

अजून एक, मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे ते करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं, मग आईच्याच पैशातून आईचं डिपॉझिट भरायला पालक म्हणून नेमून घ्यायला हायकोर्टात जायची वेळ येते. सही करायची समज आहे तोवर बँकेचं, मृत्युपत्राचं उरका, आणि जागा बघायला त्यांनाही सोबत न्या. आमच्या सासूबाईंनी एक भारीतली जागा दारातूनच नापसंत केली, म्हणाल्या इथे फोडणीचा वास येत नाही.

तुम्हाला विनंती एवढीच, जाहिरातीत ‘मेमरी केअर’ छापायचं असेल तर रात्रीचा स्टाफ किती आणि तब्येत खालावल्यावर करार काय म्हणतो, या दोन ओळी त्याच मापाच्या अक्षरात छापायला लावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे