धारावीच्या अण्णांना, कडेच्या कामाबद्दल

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं असं उघड लिहितेय. तुमचा मुलगा फोनवर वाचून दाखवेल, त्याला मध्येच थांबवू नका. नाव घालत नाही. नाव छापलं की लोक माळ्यावर येऊन बसतील आणि काम होणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी ठाण्याला घरीच चामड्याची पाकिटं, कार्ड ठेवायची कव्हरं आणि बॅगांचे पट्टे बनवते. अण्णा धारावीत, सायन–वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका माळ्यावर बसतात. रस्त्यावरच्या एसी दुकानात जी पर्स टांगलेली असते, तिची कड, म्हणजे चामड्याची कापलेली किनार, बऱ्याचदा अशाच कुठल्यातरी माळ्यावर रंगलेली असते. गिऱ्हाईक चेन ओढून बघतं, कप्पे मोजतं, वास घेतं. कडेकडे कुणी बघत नाही, ती फुटेपर्यंत.

मी हे काम शिकले ते व्हिडिओ बघून. त्यातले बहुतेक कारागीर युरोपातले, अमेरिकेतले नाहीतर जपानमधले. त्यांच्या हातात जाड, झाडाच्या सालीवर कमावलेलं चामडं असतं. ते कड ओली करतात, थोडा डिंक लावतात, लाकडाच्या दांड्यानं घासतात, आणि बघता बघता कड गुळगुळीत होऊन चमकायला लागते. मला धारावीत परवडणाऱ्या भावात मिळायचं ते चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून येणारं मऊ चामडं. त्याची कड ओली असेपर्यंत शहाण्यासारखी बसायची आणि सुकली की तंतू पुन्हा वर. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, माल एक नंबर आहे. त्याचंही खोटं नव्हतं.

शेवटी त्याच चामड्याचा एक तुकडा घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही तो हातात घेतलात, रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, एक कोपरा उडवलात आणि मधला निळसर पट्टा मला दाखवलात. "हे क्रोम हाय, ताई. हे घासून बसायचं न्हाई. ह्याला रंगच लागतोय." एवढं एक वाक्य मला इतक्या व्हिडिओंतून कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते सांगायची गरजच नव्हती.

नंतर मी यावर वाचलं. सालीतलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारं तुरट द्रव्य, तंतूंमध्ये भरून राहतं. पाणी आणि घासण्याची ऊब मिळाली की ते तंतू दबतात आणि दबलेलेच राहतात. क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक असतं, उष्णताही जास्त सोसतं, पण दाबलं की उसळून परत येतं. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झनं क्रोमच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमवरचं असतं, कारण साल-हिरड्याला आठवडे लागतात तिथं क्रोमचं काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. तुमचे वडील कोल्हापुरी बांधायचे ते बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेल्या चामड्याची. त्या चपलेची कड उघडी असते आणि उघडीच शोभते. तुमच्या घरात दोन पिढ्यांत दोन्ही चामडी हाताखालून गेली, म्हणून तुम्हाला तो फरक बोटांनाच कळतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मी तुमच्याकडे आले होते रंग कुठला चांगला हे विचारायला. इटलीहून येणारी एक बाटली माझ्या पिशवीत होती, महागाची. तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. माझ्या पट्ट्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलंत आणि म्हणालात, "रंग काय झाकत न्हाई, रंग दावतोय." गिलावा ओबडधोबड असेल तर भिंतीवर भारीतला ऑइल पेंट लावून काय होतं ते आपण सगळे जाणतो. ओबड जागाच चमकते.

मग तुम्ही पट्टा पहिल्यापासून करून दाखवलात. तेही दिवाळीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी अंगावर असताना! चिकटवायचं सोल्यूशन अगदी कडेपर्यंत लावायचं, कारण तिथं केसभर जरी फट राहिली तरी रंग आत उतरतो आणि वर रेघ उमटते. चामडं आणि अस्तर दोन्ही मापापेक्षा थोडं जास्त ठेवायचं, चिकटवून मोगरीनं ठोकून घ्यायचं आणि मग दोन्ही मिळून एकदाच कापायचं. आधी मापात कापून नंतर चिकटवलं तर दोन कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. रापी उभी धरायची, एका ओढीत जायचं, करवतीसारखं पुढेमागे करायचं नाही. शिवणीच्या दोऱ्याचं टोक वितळवून आत दाबून टाकायचं, नाहीतर रंगाखाली ते फोडासारखं दिसतं. मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर, आधी १८० नंबरचा खरखरीत, मग ४०० चा बारीक. दोन्ही बाजूंचे कोपरे मोडून कडेला किंचित गोलाई द्यायची. टोकदार कोपऱ्यावर रंग टिकत नाही, तिथून तो पातळ होऊन निघून जातो, आणि पट्टा झिजायला सुरुवात तिथूनच होते.

एवढं सगळं झाल्यावर मी बाटलीचं झाकण उघडायला घेतलं. तुम्ही हात आडवा घातलात. अजून इस्त्री राहिली होती.

तुमची ती इस्त्री मला फार आवडली. सोल्डरिंग आयर्नला घासून बसवलेलं पितळी टोक, आणि मध्ये भिंतीवरचा जुना रेग्युलेटर, उष्णता कमी-जास्त करायला. तीच वस्तू बाहेरून मागवायची तर माझा महिन्याचा नफा जाईल. जेमतेम तापलेलं टोक तुम्ही कोऱ्या कडेवरून फिरवलंत आणि उरलेसुरले तंतू बसले. जास्त तापलं तर चामडं आकसतं आणि कड करपून कडक होते, म्हणून आधी कातरणीवर फिरवून बघायचं. तुमच्या मांडीशेजारी कातरणांचा डबा कशाला असतो ते मला तेव्हा कळलं.

रंगाचा पहिला हात पातळ, जवळजवळ पाण्यासारखा. तो दिसण्यासाठी नसतोच. तो चामड्यानं पिऊन टाकायचा असतो. सुकला की उरलेले तंतू ताठ होऊन वर येतात, ते पुन्हा ४०० नं उतरवायचे, फडक्यानं भुकटी पुसायची आणि मग दुसरा हात. आणि तो तुम्ही ब्रशनं देत नाही, आरीनं देता, चामड्याला भोकं पाडायच्या टोच्यानं! हे मी आधी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आरीच्या टोकाच्या थोडं मागे रंगाचा एक थेंब, आरी आडवी धरून बोटांत हळूहळू फिरवत ती कडेवरून न्यायची. टोक कडेला टेकत नाही, टेकतो तो थेंब. रंग कडेच्या मधोमध उतरतो, दोन्ही बाजूंना पसरतो आणि कोपऱ्यापाशी आपोआप थांबतो, वरच्या चामड्यावर येत नाही. मी पाहत होते तोवर तुम्ही मुलाशी लाइटबिलाबद्दल बोलत होतात.

जाड एक हात देऊन मोकळं व्हायचा मोह सगळ्यांनाच होतो. वरून साय धरते, आत रंग ओला राहतो, सुकताना मध्ये खड्डा पडतो आणि पट्टा जिथं वाकतो तिथं पहिल्याच महिन्यात चीर जाते. पातळ तीन-चार हात, दर दोन हातांमध्ये घासणं, हाच एक रस्ता. तुम्ही तयार पट्टा उलटसुलट वाकवून, वळणावर नख दाबून बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मीही आता तेच करते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हे पाण्यातले रंग सुकायला रडवतात, तेव्हा उन्हात किंवा हीटरपुढे न ठेवता पंख्याच्या वाऱ्यात टांगून ठेवायचं, हेही तुमचंच. आणि सुकले असं वाटलं तरी पट्टे एकावर एक रचायचे नाहीत, एकमेकांना चिकटून रंग सोलून निघतो. तेलकट चामड्याबद्दल तुमचं उत्तर सगळ्यात छोटं होतं: "त्याच्या नादाला लागू नका."

आभार एवढ्याचेच नाहीत. या धंद्यात लोक रंगाच्या डब्यावरचं लेबल फाडून ठेवतात, शेजाऱ्याला कळू नये म्हणून. तुम्ही मला डबा दाखवलात, दुकान दाखवलंत, पाणी किती घालता ते सांगितलंत आणि वर कडेला फिरवायला मेणाची वडी दिलीत. मी बाई, तीही ठाण्याहून आलेली, तुमच्या जातीची नाही, तुमच्या गल्लीची नाही. उद्या तुमच्याच मालाच्या शेजारी माझा माल विकायला बसले तर? असं मी विचारलंसुद्धा. "बसा की," म्हणालात.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी, तुम्हाला आवडली नाही तरी. बऱ्याच कारखान्यांत कडेला रंग लावायला नवी पोरं बसवतात, नगामागे दरही या कामाचा कमीच. कटिंगवाला मोठा, शिलाईवाला मोठा, कडेवाला कुणीच नाही. वस्तू परत येते ती मात्र बऱ्याचदा कड फुटली म्हणून. चामड्याच्या वस्तू विकणाऱ्यांनी हे वाचलं तर हिशेब पुन्हा मांडून बघावा. तुम्ही स्वतः मालक असून कड दुसऱ्याच्या हातात देत नाही, यातच काय ते आलं. माझ्याकडे आता दोघी मुली शिकायला येतात. त्यांना मी शिवण नंतर शिकवते, आधी पॉलिश पेपर हातात देते. कंटाळतात. मग तुमच्या नखाची गोष्ट सांगते.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही, आणि ते उघड पत्रात लिहायला हरकत नसावी. कड नेहमी चामड्यापेक्षा गडद असावी, शक्यतो काळी किंवा गडद तपकिरी, हा तुमचा हट्ट. मळ दिसत नाही, हे खरं. पण आजकालच्या गिऱ्हाइकाला कड दिसायलाच हवी असते. तपकिरी पट्ट्याला हळदी कड लावली तर ते आधी कडेवरूनच बोट फिरवतं, मग किंमत विचारतं. तुम्ही म्हणाल, हे नाटक आहे. असेल. पण ज्या कडेकडे कुणी बघत नव्हतं, तिच्याकडे लोक बघतायत, आणि हळदी रंगाला एक चूक माफ नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

पुढच्या आठवड्यात तसे दोन पट्टे घेऊन येतेय. रंगाला खुशाल नावं ठेवा, पण आधी वाकवून बघा.

काकूंना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
ठाण्याची ताई